सेवेच्या नावाने परदेशवारी : चाळिशीच्या मैत्रिणींशी थोडं स्पष्ट बोलते



गेले दोन महिने आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर एक जाहिरात फिरते आहे. चाळिशी उलटलेल्या महिलांसाठी परदेशात सेवायात्रा. एकूण पंधरा दिवस. त्यातले आठ दिवस तिथल्या अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायचं, खेळवायचं, भिंती रंगवायच्या. बाकीचे दिवस स्थळदर्शन आणि खरेदी. कांदा-लसूण नाही, कंदमूळ नाही, सूर्यास्तापूर्वी जेवण, आणि त्यासाठी इथून सोबत येणारा आचारी. दर माणशी खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार. परतल्यावर प्रमाणपत्र.

आपल्यातल्या आठ जणींनी नावं दिली आहेत. आता मंडळापुढे अर्ज आला आहे की, हे सेवेचं काम असल्यामुळे मंडळाच्या निधीतून प्रत्येकीला पंचवीस हजारांची मदत मिळावी. म्हणजे दोन लाख रुपये. हा निधी आपण दशलक्षण पर्वात औषधदानाच्या नावाने गोळा केलेला आहे. पुढच्या बैठकीत निर्णय व्हायचा आहे, म्हणून माझं म्हणणं आधीच लिहून ठेवते. बैठकीत सगळ्या एकदम बोलतात आणि चहा आला की विषय संपतो.

माझं मत असं की, या यात्रेला निधीतून एक रुपयाही देऊ नये. आणि ज्यांना जायचं आहे त्यांनी खुशाल जावं, पण सेवा हा शब्द त्या बॅगेत भरू नये.

रागावू नका, पुढे वाचा.

आधी हे सांगते की चाळिशीनंतर घराबाहेर पडण्याला माझा अजिबात विरोध नाही. वीस-बावीस वर्षं डबे, सासूबाईंची औषधं, मुलांच्या परीक्षा, अष्टमी-चतुर्दशीचे उपवास आणि पारणी यांत गेलेल्या बाईला विमानात बसावंसं वाटलं, तर त्यात काय चुकलं? काहीच नाही. दूर जाऊन सेवा करण्यालाही विरोध नाही. आचार्य चंदनाजी पुणे जिल्ह्यातल्या चासकमानच्या. त्या बिहारमध्ये राजगीरला गेल्या, १९७३ मध्ये वीरायतन उभं केलं, डोळ्यांचं रुग्णालय चालवलं. पण त्या तिथे राहिल्या. जयपूर फूटचं काम बघा. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहतांनी जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली आणि आज तिची शिबिरं आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत होतात. तिथे जातात ते पाय बसवणारे कारागीर. ज्याला पाय नव्हता तो पायावर उभा राहून घरी जातो. काय दिलं, कुणाला दिलं, हे तिथे विचारावंच लागत नाही.

आणि वयाचंच म्हणाल, तर सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या शेजारी घडून गेलं आहे. घाटकोपरच्या पुढचं स्टेशन विक्रोळी. १९६६ मध्ये तिथल्या गोदरेज कॉलनीत अमेरिकेहून एक बाई आल्या, लिलियन कार्टर. जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा, म्हणजे तेव्हा वय अडुसष्ट. विधवा, मुलं मोठी झालेली. त्यांचा मुलगा जिमी पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, पण तेव्हा त्याला इकडे कोण ओळखत होतं! पीस कोअर या सरकारी योजनेतून बाई आल्या. त्या शिकलेल्या, काम केलेल्या नर्स होत्या. येण्याआधी काही आठवडे प्रशिक्षण झालं. इथे आधी कुटुंबनियोजनाचं आणि मग दवाखान्याचं काम केलं, कुष्ठरोग्यांचीही शुश्रूषा केली. सुमारे एकवीस महिने राहिल्या. त्यांनी कुणाला पैसे भरले नव्हते, सोबत स्वयंपाकी आणला नव्हता. घरी लिहिलेल्या पत्रांचं पुस्तक पुढे निघालं, आणि पन्नाशीपुढच्या स्वयंसेवकांसाठी पीस कोअरने त्यांच्या नावाने पुरस्कारही ठेवला.

आता लिलियनबाई आणि आपली जाहिरात शेजारी शेजारी ठेवा. त्यांच्या हातात कौशल्य होतं, आपल्याला कुणी विचारलंच नाही. त्या एकवीस महिने राहिल्या, आपण आठ दिवस. त्यांना नेमून दिलेलं काम होतं, आपल्याला ठरवून दिलेले फोटो आहेत.

हे मी हवेत बोलत नाही. मी त्या कंपनीला फोन केला होता. पलीकडची मुलगी अगदी गोड होती. तिने विचारलं, पासपोर्टची मुदत किती आहे, गुडघ्यांचा त्रास आहे का, खोलीत सोबत कोण हवं. मी काय शिकले आहे, मुलांना कधी शिकवलं आहे का, तिथली भाषा येते का, हे एकदाही विचारलं नाही. आपल्या पाठशाळेत लहान मुलांना शिकवायला बाई ठेवताना आपण चार प्रश्न विचारतो. मग मीच विचारलं, आठ दिवसांत मुलं काय शिकतील? उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्हाला खूप छान अनुभव मिळेल.’ मी मुलांचं विचारलं होतं.

आता अनाथाश्रमाचं ऐका, कारण इथे प्रश्न फक्त वाया जाणाऱ्या पैशांचा उरत नाही. कंबोडियात पर्यटक वाढले तसे अनाथाश्रमही वाढत गेले. तिथल्या सरकारने युनिसेफच्या मदतीने २०११ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हा दिसलं की आश्रमातल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. गरीब आईबापांना सांगितलं जातं की इथे शिक्षण मिळेल, पोटभर जेवण मिळेल, आणि ते पोर सोडून जातात. पोरं आहेत म्हणून पाहुणे येतात, आणि पाहुणे येतात म्हणून आणखी पोरं लागतात. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर मुलांना असं गोळा करून नेलं जाईल, ही भीती इतकी खरी होती की सरकारला मुलांच्या हलवाहलवीवर बंधनं घालावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेच्या समितीने आधुनिक गुलामगिरीची चौकशी करताना अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा विषयही त्यात घेतला.

म्हणजे आपण भक्तीने पैसे भरायचे आणि त्या पैशाने कुठलीतरी आई आपल्या लेकरापासून तुटायची. सगळेच आश्रम असे असतात, असं मी म्हणत नाही. पण कुठला कसा आहे, हे आठ दिवसांत, भाषा न कळता, तुम्ही कशा ओळखणार? बाजारातून तांदूळ आणला तर आपण ताटात पसरून निवडतो, पीठ चाळतो, पाणी गाळतो. मुंगी दिसली तर डबा उन्हात ठेवतो. एवढं जपणाऱ्या आपण, माणसाच्या पोरांच्या बाबतीत न निवडता, न चाळता पुढे जायचं?

आणखी एक. दर पंधरा दिवसांनी नवी मावशी येते, मांडीवर घेते, डोळे पुसते, फोटो काढते आणि जाते. त्या पोराने किती जणींना जीव लावायचा? उद्या आपल्या सोसायटीत परदेशी बायकांचा गट आला, आपल्या नातवंडांना उचलून फोटो काढले आणि आपल्या देशात जाऊन ‘बिचारी मुलं’ म्हणून लावले, तर आपण वॉचमनला बोलावू. आपल्या पोरांना जो मान हवा, तोच त्यांच्या पोरांना हवा.

शिवाय थायलंडसारख्या देशात पर्यटक म्हणून जाऊन बिनपगारी कामसुद्धा परवानगीशिवाय करता येत नाही. जाहिरातीत याचा एक शब्द नाही. अडचण आली तर विमानतळावर उभ्या राहणार तुम्ही, कंपनी नाही.

आता मुळाशी येते. मला वाटतं, ही यात्रा खपते याचं कारण आपल्याच घरात आहे. घरात सांगा, ‘मला पंधरा दिवस फिरायला जायचं आहे, एकटीला, मैत्रिणींबरोबर.’ काय होईल? सासूबाई गप्प होतील. नवरा म्हणेल, पुढच्या वर्षी सगळेच जाऊ. मुलगी विचारेल, माझ्या परीक्षेचं काय? आता सांगा, ‘सेवेला जाते आहे.’ सगळे हात जोडतील, कुंकू लावून निरोप देतील. धर्माला बाईला सुट्टी मिळते, मौजेला मिळत नाही. कंपन्यांनी हे बरोब्बर ओळखलं आहे. त्या आपल्याला सेवा विकत नाहीत, परवानगीची चिठ्ठी विकतात. आणि त्या चिठ्ठीची किंमत दुसऱ्या देशातली गरीब पोरं मोजतात.

मी म्हणते, चिठ्ठी कशाला हवी? सरळ सांगा की फिरायला जाते आहे. ताजमहाल बघायला लोक जातात, तुम्ही अंगकोर वाट बघा. पैसे तुम्ही साठवलेले आहेत, भिशीचे आहेत, शिकवण्यांचे आहेत. समुद्र बघा, पायात चप्पल न घालता वाळूत चाला, दुपारी दोन वाजेपर्यंत लोळा. परतल्यावर कुणी विचारलं तर म्हणा, मजा आली. चाळिशीतल्या बाईने मजा केली हे ऐकायची आपल्या घरांना सवय लावायला हवी, आणि ती सवय खोटं बोलून लागत नाही. सत्य हे आपल्या पाच अणुव्रतांपैकी एक आहे, ते विमानतळावरही लागू होतं.

आता गोवंडीबद्दल. हे कडू लागेल.

मी इथे बावीस वर्षं संसार करते आहे. रुळांच्या या बाजूला टाटा समाजविज्ञान संस्था, देवनारचा बस आगार, आपल्या सोसायट्या. पुलापलीकडे शिवाजीनगर, बैंगनवाडी, लोटस कॉलनी आणि त्यामागे देवनारचं डंपिंग. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतो आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं, तेव्हा सगळ्या शहरावर धूर पसरला आणि मग शहराला आठवलं की तिथे माणसं राहतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात चोवीस वॉर्डांच्या यादीत आपला एम पूर्व वॉर्ड सगळ्यात तळाला होता.

आपल्यातल्या कितीजणी तो पूल ओलांडून गेल्या आहेत? कत्तलखान्याच्या विरोधात निवेदन द्यायचं असलं की आपल्याला देवनार आठवतं. प्राण्यांसाठी जीव तुटतो, तो तुटायलाच हवा. पण त्याच देवनारमध्ये कचरा वेचणारी बाई खोकते, तिच्यासाठी आपलं निवेदन कुठे आहे? ‘तिकडे आपल्याला चालत नाही’, ‘ती वस्ती बरी नाही’, ‘हे सोडणार नाहीत’, अशी उत्तरं मी ऐकली आहेत. खरं कारण आपण सगळ्याच जाणतो. तिथे बहुतेक मुसलमान आणि दलित कुटुंबं राहतात. परदेशातला गरीब आपल्याला चालतो, कारण त्याची जात आपल्याला कळत नाही, त्याच्या चुलीवर काय शिजतं ते दिसत नाही आणि पंधरा दिवसांनी तो संपतो. पुलापलीकडचा गरीब उद्या स्टेशनवर भेटेल आणि नाव घेऊन हाक मारेल. त्याची आपल्याला भीती वाटते.

लक्ष्मीबाई पाटलांना अशी भीती वाटली असती तर? कर्मवीर भाऊराव कुंभोजचे, आपल्याच समाजातले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, आणि लक्ष्मीबाईंनी त्यांचं आईसारखं केलं. सोवळ्या-ओवळ्याच्या घरातून आलेली ती बाई. मुलांच्या जेवणासाठी दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. कर्मवीरांची जयंती आपण हार घालून करतो. लक्ष्मीबाईंनी जे केलं, ते त्यांच्या स्वयंपाकघरापासून चार पावलांवर केलं, हे मात्र विसरतो.

‘मग करायचं काय, तेही सांग,’ असं म्हणाल. सांगते, हिशेबासकट.

आपल्या वॉर्डात क्षयरोग फार आहे. कोंदट खोल्या, धूर, अपुरं जेवण, ही त्याची मुळं. औषध सरकार फुकट देतं, पण रिकाम्या पोटी त्या गोळ्या सोसत नाहीत. मग माणूस त्या मध्येच सोडतो आणि पुढे औषधाला दाद न देणारा क्षय होतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की, रुग्णाच्या घरच्यांना नीट शिधा दिला तर त्यांना क्षय होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी होतं. शिधा म्हणजे तांदूळ आणि डाळ. आपल्या कोठीघरातल्याच वस्तू.

सरकारची निक्षय मित्र योजना सप्टेंबर २०२२ पासून आहे. कुणीही व्यक्ती, मंडळ, संस्था नाव नोंदवून रुग्णाला किमान सहा महिने पोषणाचा शिधा देऊ शकते. रुग्णाची संमती असेल तरच त्याची जोडणी होते. मोठ्या माणसासाठी महिन्याला सुचवलेलं प्रमाण असं : धान्य तीन किलो, डाळ दीड किलो, तेल पाव किलो आणि दूध पावडर किंवा शेंगदाणे एक किलो. अंड्यांचा पर्याय काही ठिकाणी असतो, पण तो सक्तीचा नाही, तेव्हा ती काळजी नको. आपण शेंगदाणे देऊ. आपल्या वाण्याच्या भावाने हा शिधा सहाशे-सातशेत बसतो. सातशे धरले तरी सहा महिन्यांचे बेचाळीसशे.

आता मागितलेले दोन लाख घ्या. त्यात सत्तेचाळीस रुग्णांना सहा महिने शिधा जातो. औषधदान म्हणून जमवलेला पैसा औषधाच्याच कामी लागतो. आठ जणींच्या विमानप्रवासावरची सूट, की सत्तेचाळीस घरांतलं अन्न? बैठकीत हाच प्रश्न मी मांडणार आहे आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घेणार आहे.

शिधा द्यायचा तर फोटो काढायचा नाही, एवढी एक अट आपण घालून घ्यावी. क्षय झालेल्या मुलीचं लग्न मोडतं, कामावरून काढतात. पिशवी द्यावी, विचारपूस करावी, परत यावं. दर महिन्याला त्याच घरी जावं. आठ महिन्यांनी ती बाई वजन वाढल्याचं सांगेल तेव्हा तुम्हाला कळेल की प्रमाणपत्र कशाला म्हणतात.

आणि ज्यांच्याकडे खरंच कौशल्य आहे, म्हणजे निवृत्त नर्स, शिक्षिका, हिशेबनीस, त्यांना परदेशातच काम करायचं असेल तर तोही मार्ग आहे. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत अनुभवी तज्ज्ञांसाठी पस्तीस ते ऐंशी वयाची मुभा आहे, किमान पंधरा वर्षांचा अनुभव मागतात आणि निर्वाहभत्ता देतात. जिथे तुमची खरी गरज असते तिथे तुमच्याकडून पैसे मागत नाहीत, उलट तुमची परीक्षा घेतात. सेवेच्या नावाने कुणी पैसे मागितले आणि परीक्षा घेतली नाही, तर समजा की गिऱ्हाईक तुम्हीच आहात.

तेव्हा मंडळापुढे माझे दोन ठराव. पहिला, औषधदानाचा निधी कुठल्याही प्रवासाला देऊ नये. दुसरा, त्या निधीतून मंडळाने निक्षय मित्र म्हणून नाव नोंदवावं आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चौघींनी पूल ओलांडावा. पहिल्या चौघींत माझं नाव लिहा. ज्या आठ जणी परदेशी निघाल्या आहेत त्यांना प्रवासाच्या मनापासून शुभेच्छा. ठेपले मी करून देईन. परत आल्यावर दुसऱ्या महिन्याच्या यादीत त्यांची नावं हवी आहेत.

जय जिनेंद्र.